‘जेली!’ म्हटलं की मागे सरायचं

२ एप्रिल

पोरं गेली. एक सोडून सगळी.

डॉक्टर म्हणतात, "व्हर्जिल, तुझा रक्तदाब बघता ह्यापुढे ओरडणं बंद. जे ओरडावंसं वाटेल ते लिहून काढ." म्हणून हे लिहिणं. आज मला एवढं ओरडायचं आहे की शाई पुरायची नाही.

सकाळी माझा मदतनीस ट्रेव्हिस लॅपटॉप छातीशी धरून आला. "कोच, बसा."

"बसलोच आहे."

"मग घट्ट बसा."

पोर्टल उघडलं होतं. पोर्टल म्हणजे कॉलेज सोडून दुसरीकडे खेळायला निघालेल्या पोरांची संगणकावरची यादी. पोरानं नाव टाकायचं, देशभरच्या कोचांनी बघायचं, हवा तो उचलायचा. आमच्या गावच्या गुरांच्या लिलावात आणि ह्यात फरक इतकाच की लिलावात गुरं आपणहून गाडीत उड्या मारत नाहीत.

माझ्या काळात माणूस एका कॉलेजात शिरला की तिथूनच बाहेर पडायचा. मी वीस वर्षं डुकरांचं खाद्य विकलं, वाचनालयातली पुस्तकं वाचून आणि दुसऱ्यांच्या सरावाला भिंतीशी उभं राहून बास्केटबॉल शिकवायला शिकलो, पण वॉलनट फोर्क कॉलेज कधी सोडलं नाही. कुणी बोलावलंही नाही म्हणा.

राहिला तो डेन विकस्ट्रॉम. वर्षभर बाकाच्या टोकाला बसून टॉवेल सांभाळणारा. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "डेन, बाळा, तू का नाही गेलास?" वाटलं, निष्ठेबद्दल दोन शब्द बोलेल.

"पासवर्ड विसरलो, कोच."

४ एप्रिल

कॉलेजच्या अध्यक्षीणबाई डॉ. फॅलन ह्यांनी बोलावलं. कॉफी दिली, बिस्कीट दिलं. बिस्कीट दिलं तेव्हाच ओळखलं, बातमी वाईट आहे. म्हणाल्या, येत्या हिवाळ्यात संघ लीगच्या पहिल्या चारांत आला नाही तर पुरुषांचं बास्केटबॉल बंद, आणि आमच्या जिममध्ये पिकलबॉल.

पिकलबॉल म्हणजे टेनिसनं टेबल टेनिसशी लग्न केलं आणि जे झालं ते. बाईंनी नकाशाही दाखवला. उत्तरेकडची बास्केट आहे तिथे फळांच्या रसाचा काउंटर येणार.

घरी येऊन अर्लिसला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझी कुठलीही बातमी बटाटा खाली ठेवून ऐकलेली नाही.

"मग पोरं आण," ती म्हणाली.

"कुठून आणू?"

"तुझी गेली तिथूनच. त्या यादीत फक्त तुझीच आहेत का?"

"अर्लिस, ती बारा गावचं पाणी प्यायलेली पोरं. आज इथे, उद्या तिथे. असल्यांचा संघ होतो का?"

"आपल्या चर्चमध्ये इथलाच जन्मलेला कोण आहे सांग बघू," ती म्हणाली. ह्याचा बास्केटबॉलशी काय संबंध, कळलं नाही.

११ एप्रिल

डिमॅरिअस पेटवे. मेम्फिसचा. चेंडू घेऊन धावतो तेव्हा चेंडूलाच त्याच्या मागे धावावं लागतं. तीन कॉलेजं झाली त्याची. फोन केला. चारित्र्य ह्या विषयावर माझं एक भाषण आहे, नांगराच्या रेघेचा दाखला असलेलं, ते पूर्ण ऐकवलं. शेवटी तो म्हणाला, "बरं, सर," आणि फोन ठेवला. ह्या ‘बरं’चा अर्थ मी जाणतो. बायका सेल्समनला दारातून देतात तो.

संध्याकाळी अर्लिस तासभर फोनवर. खिदळत होती. कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, "रोशेल." चर्चमध्ये नवीन कुणी आलेली दिसते.

१४ एप्रिल

डिमॅरिअसचा होकार! ट्रेव्हिसला म्हटलं, बघ, आजच्या पोरांनाही चारित्र्याची भूक असते. नांगराची रेघ कधी वाया जात नाही.

२० एप्रिल

ओग्नेन नावाचा सर्बियाचा सात फुटी पोरगा पाहिला. दोन कॉलेजं करून बसलाय. फोनवर फक्त "हो" आणि "नाही" म्हणतो, तेही उलटसुलट ठिकाणी. भाषण दिलं. नांगर कळला की नाही शंका आहे.

अर्लिस आज फोनवर एका वेस्नाशी बोलत होती, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं. "ऊ-ब-दा-र! हो! मो-जे! लोकरीचे!" बिचारी बहिरी असावी. अर्लिसला अशा बायकांचा फार कळवळा.

२२ एप्रिल

ओग्नेनही आला! मी काही गर्वानं म्हणत नाही, पण भाषणात ताकद आहे.

३ मे

ओक्लाहोमाचा कॅश मॅकएलरॉय. लांबून नेम मारण्यात वाकबगार. चौथं कॉलेज. नाव कॅश, पण हा चेक, वटेपर्यंत खरा नाही. आज वटला. बाकीचेही जमत आलेत. बारा घरचे बारा, आणि डेन.

९ ऑक्टोबर

उन्हाळा गेला, सराव सुरू झाला, आणि आज मी डॉक्टरांचा शब्द मोडला.

पोरं एकेकटी बघावीत तर एकेक हिरा. पाच एकत्र उभी केली की वाटतं, पाच जण पाच वेगवेगळ्या बसची वाट बघतायत. कारण आज सापडलं. मी ओरडलो, "लाल!" आमच्याकडे लाल म्हणजे, समोरचा चेंडू घेऊन घुसला की सगळ्यांनी मागे सरून बास्केट राखायची. तीस वर्षं लाल म्हणजे हेच.

डिमॅरिअस एकदम पुढे झेपावला. कॅश चेंडू नसतानाही सावकाश चालायला लागला. ओग्नेननं समोरच्याला कंबरेत धरून उचललं. डेन स्वतःच्या बनियनकडे बघत उभा राहिला.

शिट्टी मारली. "डिमॅरिअस! लाल म्हणजे काय?"

"कुठला लाल, कोच? दुसऱ्या कॉलेजातला लाल म्हणजे मागे. तिसऱ्यातला लाल म्हणजे दोघांनी मिळून तुटून पडायचं. मी तिसरा घेतला."

"कॅश?"

"आमच्याकडे लाल म्हणजे घड्याळ खायचं, कोच. घाई नाही करायची."

"ओग्नेन?"

"लाल, फाउल," ओग्नेन म्हणाला. "घरी, लाल, फाउल. चांगला फाउल."

"आणि डेन, तू तर इथलाच ना रे!"

"मला वाटलं बनियन बदलायला सांगताय."

मग विचारत गेलो. जे आमचं ‘लाल’ ते एकाच्या जुन्या कॉलेजात ‘निळा’, दुसऱ्याच्या ‘टेक्सास’, तिसऱ्याच्या ‘मुठी’. प्रत्येक कॉलेजानं तीच भाजी वेगळ्या नावानं वाढलेली. ट्रेव्हिसनं रंगीत तक्ता करून भिंतीवर लावला. पोरांनी तो तोंडपाठ केला. चला, एक काम मार्गी लागलं.

८ नोव्हेंबर

पहिला सामना. हरलो. तक्ता भिंतीवर होता आणि पोरं मैदानावर. घाम फुटला की माणूस आपल्या पहिल्या घरची भाषा बोलतो, आणि ह्यांची तर पहिली घरंच तीन-तीन. मी लाल म्हटलं की समोरचे पाहुण्यासारखे सरळ आत येत होते. ओग्नेननं पाच चांगले फाउल केले आणि बाहेर बसला.

अर्लिस मागच्या रांगेत बसते. मी ओरडलो की कोटाची शेपटी ओढते. कोट उसवला.

१५ नोव्हेंबर

पुन्हा हरलो. डॉ. फॅलन भेटल्या, हातात रंगांचे नमुने. पिकलबॉलच्या कोर्टाला कुठला निळा शोभेल असं विचारत होत्या. कुठला निळा म्हणून मी विचारलं तर त्यांना गंमत वाटली. मला वाटली नाही.

१९ नोव्हेंबर

अर्लिसच्या हट्टानं सगळ्या संघाला चर्चच्या तळघरातल्या जेवणाला नेलं. घरोघरच्या बायका एकेक पदार्थ आणतात, लांब टेबलावर मांडतात. पोरांनी डुकराच्या मांसाच्या गोळ्यांकडे धाव घेऊन ते असे उडवले की पाद्रीबाबांनी प्रार्थना आवरती घेतली.

मग मिसेस हॅल्वर्सन आल्या. वय नव्वदीच्या आसपास, हातात काचेचं भांडं. त्यांची हिरवी जेली. आत किसलेलं गाजर, चिरलेला कोबी, वर मेयोनीजचा थर. आम्ही गावकरी लहानपणापासून ही जेली चुकवत मोठे झालो, त्यामुळे आम्हाला सवय झालीय. पोरांना ती नवीन. भांडं टेबलावर टेकलं, थुलथुल हललं, आणि सगळी पोरं एकाच क्षणी, एकही शब्द न बोलता, गुडघे वाकवून, हात वर करून मागे सरली. डिमॅरिअस पुटपुटला, "बापरे, जेली."

मला फार लाज वाटली. वडीलधाऱ्या बाईंचा अपमान!

इज्जत राखली ओग्नेननं. मागे सरलेल्यांतून तो एकटा पुढे आला, लांब हात टाकून भांडंच उचललं आणि चमच्यानं खायला लागला. "आजी करते," भरल्या तोंडानं म्हणाला. "आजी, डुक्कर घालते. इथे डुक्कर नाही. पण चालतं." मिसेस हॅल्वर्सननी त्याच्या कोपराचा पापा घेतला, त्यांचा हात तिथवरच पोहोचत होता.

पुढे रुबार्ब नावाच्या आंबट देठांची गोड पोळी आली तेव्हा डिमॅरिअस आणि कॅश दोन बाजूंनी असे तुटून पडले की मधल्यामध्ये पाद्रीबाबांना हलता येईना. शिस्त कशी ती नाही.

२४ नोव्हेंबर

सरावात नवाच चावटपणा. मी "लाल" म्हणायच्या आत डिमॅरिअस ओरडला, "जेली!" पाचही जण एकदम मागे सरले, हसत. पुढच्या वेळी कॅश ओरडला, "रुबार्ब!" आणि दोघांनी तिसऱ्याला कोपऱ्यात दाबला. खिदळणं चाललंय. मी शिट्टी मारली. "ज्या बाईंनी मायेनं खाऊ घातलं त्यांची टिंगल? ह्या मैदानात पुन्हा जेली ऐकली तर दहा फेऱ्या!"

"पण कोच, आम्ही मागे तर सरलो," डेन म्हणाला.

"टिंगल करत सरलात!"

दहा फेऱ्या.

३ डिसेंबर

हरलो. ‘लाल’वर तिघे एकमेकांवर आपटले. मला वाटतं हे पद सोडावं. डुकरांना निदान ‘या’ म्हटलेलं कळायचं, आणि सगळ्या डुकरांना एकच कळायचं.

४ डिसेंबर

अर्लिसनं आज बटाटा खाली ठेवला. मी घाबरलो.

"व्हर्ज," ती म्हणाली, "त्या पोरांच्या आयुष्यात एकत्र अशी एकच गोष्ट घडलीय. बाकीचं सगळं आपापलं. आणि तू त्यावर दहा फेऱ्या लावल्यास."

"कुठली गोष्ट?"

तिनं फ्रिज उघडून आतून उरलेल्या हिरव्या जेलीचं भांडं काढलं आणि माझ्यासमोर आपटलं. ते थुलथुललं. मी खुर्चीसकट मागे सरलो.

"ही गोष्ट," अर्लिस म्हणाली.

५ डिसेंबर

तक्ता उतरवला. पोरांना सांगितलं, "आजपासून लाल गेला. जेली म्हणजे मागे. रुबार्ब म्हणजे दोघांनी तुटून पडायचं. मांसाचे गोळे म्हणजे सगळ्यांनी पळत सुटायचं, कारण तसेच पळालात त्या दिवशी."

मग कॅश म्हणाला, "कोच, पाद्रीबाबा म्हणजे काय?"

"पाद्रीबाबा म्हणजे ज्याला कोंडलंय तो."

एवढं हसलेलं मी आमचं जिम कधी ऐकलं नव्हतं. सराव संपला तरी कुणी जाईना.

१० डिसेंबर

जिंकलो!

१६ जानेवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. ओरडण्यासारखं काही घडत नाहीये.

एकच पंचाईत. प्रेक्षकांनाही शब्द कळलेत. समोरचे चेंडू घेऊन आले की सगळं जिम गर्जतं, "जेली! जेली!" हे मिसेस हॅल्वर्सनच्या कानावर गेलं. त्यांची समजूत अशी की गाव शेवटी त्यांच्या हाताच्या चवीवर आलं. आता दर सामन्याला पहिल्या रांगेत भांडं घेऊन बसतात, गर्जना झाली की उभं राहून हात हलवतात. खरं सांगायची कुणाची छाती नाही. सामन्यानंतर भांडं उघडलं की तोच प्रकार, चौघं मागे, ओग्नेन पुढे. बरं आहे, एकाला तरी आवडते.

१३ फेब्रुवारी

चौथ्या आणि पाचव्या जागेवर आम्ही आणि सेंट ऑडो कॉलेज. परवा शेवटचा सामना, आमच्याच जिममध्ये. जिंकेल तो चौथा. काल जिममध्ये दोन माणसं फीत घेऊन पिकलबॉलची मापं काढत होती. आमच्याच सरावात, आमच्याच पायांतून. ओग्नेननं त्यांच्या फितीचं एक टोक धरलं. मदत करत होता, बावळट.

१५ फेब्रुवारी

कोटही न उतरवता लिहायला बसलोय.

शेवटचा घरचा सामना म्हणजे पालकांना बोलावणं. सामन्याआधी मेम्फिसहून एक बाई आल्या, भडक जांभळा कोट, आणि धावत जाऊन अर्लिसच्या गळ्यात पडल्या. "अर्लिस! अगं, तू फोनवर वाटतेस त्यापेक्षा बुटकी आहेस!"

"आणि रोशेल, तू जाड आहेस असं खोटंच सांगत होतीस!"

रोशेल. डिमॅरिअसची आई. मागून एका उंच बाईनं येऊन अर्लिसला लोकरीचे मोजे दाखवले. वेस्ना. कान उत्तम आहेत तिचे. सर्बियाहून आली होती, आणि माझ्याकडे बोट दाखवून मुलाला काही विचारलं. ओग्नेननं भाषांतर केलं. "आई विचारते, हा नांगरवाला?"

भाषण अजूनही चांगलंच आहे असं माझं मत आहे.

सामना. सेंट ऑडोचा कोच प्लंकेट हा आतल्या गाठीचा माणूस. आमची भाषा त्यानं शिकून घेतली होती. ‘जेली’ ऐकलं की आमचे मागे सरणार, हे त्याला ठाऊक. म्हणून जेलीवर त्याचा नेमबाज बाहेर मोकळा थांबायचा आणि लांबून बास्केट मारायचा. एक, दोन, तीन वेळा. मी ओरडलो. कोट पुन्हा उसवला.

अखेरीस आम्ही एका गुणानं पुढे, चेंडू त्यांच्याकडे, काही क्षण उरलेले. टाइमआउट संपलेले. नवा शब्द शिकवायला वेळ नाही, जुने सगळे त्यांना पाठ. चेंडूवाला आत घुसला. जिम गर्जलं, "जेली!" त्यांचा नेमबाज बाहेर सरकला आणि हात पुढे करून थांबला.

तेव्हा डिमॅरिअस घसा फोडून ओरडला, "मिसेस हॅल्वर्सनची जेली!"

हे मी शिकवलं नव्हतं. कुणीच शिकवलं नव्हतं. पण चौघं मागे सरले आणि ओग्नेन एकटा पुढे आला, जसा भांड्याकडे यायचा, तोच लांब हात टाकून. चेंडूवाल्यानं बाहेर दिलेला चेंडू नेमबाजाच्या हातातून सुटला तो थेट ओग्नेनच्या पंजावर आपटला आणि तिसऱ्या रांगेत पिकलबॉलच्या माणसाच्या मांडीवर जाऊन पडला.

वेळ संपली. प्लंकेट मला विचारत होता, "हे काय होतं? जेली तर आम्हाला माहीत होती!"

"माहीत होती," मी म्हटलं, "पण खाल्ली नव्हती."

आणि सगळ्या गोंधळात मिसेस हॅल्वर्सन उभ्या, चारी बाजूंना हात हलवत. पूर्ण नावानिशी हाक मारल्यावर काय करणार! डॉ. फॅलन सगळ्यांसमोर म्हणाल्या की पिकलबॉलला वसतिगृहामागची मोकळी जागा जास्त हवेशीर आहे. मग भांड्यातली जेली चमचाभर खाल्ली. धीराची बाई.

२ मार्च

पहिल्या चारांच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात सपाटून हरलो. जिम मात्र राहिलं.

६ एप्रिल

पोर्टल उघडलं.

डिमॅरिअस दुपारी घरी आला. दारात उभा, टोपी हातात. "मिस अर्लिस आहेत?"

"बाजारात गेलीय. बोल."

त्यानं मोठ्या विद्यापीठाचं नाव सांगितलं, ज्याचे सामने टीव्हीवर दाखवतात. मला वाईट वाटलं. खोटं का लिहू? गळ्यापर्यंत आलं होतं की ‘मी म्हणालो नव्हतो, आज इथे उद्या तिथे!’ नांगराची रेघही आठवली.

तो म्हणाला, "कोच, मी हे चौथ्यांदा करतोय. पण निघताना सांगायला पहिल्यांदाच आलो."

मी म्हटलं, "जेवून जा." तो म्हणाला, "काय आहे?" म्हटलं, "जेली." तो दारातल्या दारात मागे सरला, आणि मग दोघंही हसत बसलो ते अर्लिस येईपर्यंत. तिनं पिशवीतून मेम्फिसला न्यायचा डबा काढला. तिला आधीच माहीत होतं. अर्थात.

ओग्नेन राहतोय. कॅश म्हणतो, अजून ठरलं नाही. डेनला पासवर्ड आठवला. "आत जाऊन बघून आलो, कोच," म्हणाला. "फार गर्दी आहे."

१४ नोव्हेंबर

आज दुपारी टीव्हीवर डिमॅरिअसचा सामना. आमची नवी पोरंही बैठकीत दाटीवाटीनं बसलेली. पुन्हा बारा घरची, पुन्हा प्रत्येकाचा लाल वेगळा. बुधवारी चर्चच्या जेवणाला नेणार आहे. ह्या वेळी माझ्याच हट्टानं.

समोरच्यांनी चेंडू आत आणला. डिमॅरिअस तोंडाशी हात धरून काहीतरी ओरडला. बोलणाऱ्यांच्या गलक्यात शब्द ऐकू आला नाही, पण त्या संघातली चार आडदांड पोरं एकाच क्षणी, गुडघे वाकवून, हात वर करून मागे सरली.

ओग्नेन उभाच राहिला. त्याचं डोकं दिव्याला लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. अर्लिसच्या आधी मी उचलला.

"रोशेल, मी व्हर्जिल. बघितलंस ना? मला एवढंच सांग, तिकडे मिसेस हॅल्वर्सनची जेली कुठून आणली?"

"आणायची कशाला! स्वतः केली त्यानं, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. अर्लिसला फोन करून विचारून घेतलं होतं सगळं."

"गाजर घातलं होतं?"

"कोबीसुद्धा," रोशेल म्हणाली. "त्याशिवाय का पोरं मागे सरतायत!"